दांडिया बाजारातलं कॅसेटीचं दुकान: साधं पॅकेज घ्या, ‘एचडी’ नको

बडोद्यात जुन्या मराठी घराचा माळा आवरायला काढला की व्हीएचएस कॅसेटी निघतातच. लग्न-मुंजीच्या असतातच; पण पाठीवर बॉलपेननं ‘हम लोग’, ‘महाभारत ४१-४४’, ‘मुंबई – नाटक. पुसू नये!’ असं लिहिलेल्याही असतात. यातला शेवटचा प्रकार खास इकडचा. मुंबई दूरदर्शनचे सिग्नल चारशे किलोमीटरवर पोचत नव्हते. इथल्या अँटेनावर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि गुजराती, एवढंच लागायचं. १९९४मध्ये मराठीची उपग्रह वाहिनी सुरू होईपर्यंत मराठी नाटक-मालिका बघायची तर दादर-गिरगावच्या नातेवाइकांनी रेकॉर्ड करून पाठवलेल्या कॅसेटीवरच.

या कॅसेटींची फाइल करून देणारं एक दुकान दांडिया बाजारात आहे. पाटी फोटो स्टुडिओची, कॅसेटीचं काम जिना चढून वरच्या खोलीत चालतं. दर असे: तीन तासांपर्यंतच्या कॅसेटीला ४०० रुपये, बुरशी साफ करायचे २५०, तुटलेली पट्टी जोडायचे १५०. आणि ‘एचडी एन्हान्स’ नावाचं ९०० रुपयांचं पॅकेज. चारशेचं काम उत्तम होतं. नऊशेचं घेतलंत तर पैसे देऊन चित्र खराब करून घेतल्यासारखं आहे. ते का, हे खाली सांगितलंय.

आधी एक रास्त शंका. प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर जुन्या मालिका फुकट आहेत, नोव्हेंबर २०२४पासून त्यांचं ‘वेव्ह्ज’ अ‍ॅपही आहे, मग कॅसेटीचा खटाटोप कशाला? ‘महाभारत’ बघण्यापुरताच प्रश्न असेल तर खटाटोप करूच नका. ९४ भागांची मालिका कॅसेटीवरून बघण्यात शहाणपणा नाही. पण वाहिनीवर मिळतो तो नुसता कार्यक्रम. त्याच्या आधीची निवेदिका, मधल्या साबण-सायकलींच्या जाहिराती, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आणि त्या पाटीमागची शांतता, हे फक्त घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडतं. १९८४-८५ची ‘हम लोग’ मॅगीच्या प्रायोजकत्वावर चालायची. ती जाहिरात भागाच्या पुढे-मागे लागलेली दिसली की ही मालिका घरात कशी शिरली हे आजच्या प्रेक्षकाला लगेच कळतं. शिवाय मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांपैकी बरंच काही आज कुठेच सापडत नाही. त्या काळी टेपा महाग होत्या, त्यामुळे पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती.

मात्र फार जुन्याची आशा धरू नका. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, आणि त्यांचाच चिमणराव दूरदर्शनवर आला तेव्हा बडोद्यात दिसला नाही! दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ती मालिका सत्तरच्या दशकातली. घरोघरी व्हीसीआर यायला लागले ते १९८२च्या एशियाडच्या सुमारास. तेव्हा कुणाच्या कॅसेटीवर ‘चिमणराव’ लिहिलेलं असेल तर ते पुनःप्रक्षेपणच असणार. तरीही आणून द्या.

आता काम कसं होतं ते. कॅसेट हातात घेतल्याबरोबर मशीनमध्ये सारत नाहीत, इथेच दुकानाची पारख होते. पुढचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात रिळाची कड बघतात. काळ्या पट्टीच्या कडेवर पांढरट जाळं किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. बडोद्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटींना ती हमखास लागते. अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी हेडला (मशीनमधलं पट्टी वाचणारं टोक) चिकटते, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटीलाही लागते. म्हणून इथे कॅसेटीच्या पोटातले पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं स्वच्छ खोक्यात घालतात आणि हेडचा ड्रम (हेड बसवलेला फिरता गोल भाग) काढून टाकलेल्या एका जुन्या मशीनवर पट्टी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून फिरवतात. ती मशीन फक्त गुंडाळण्यापुरतीच आहे. अडीचशे रुपये याचे, आणि ते वाजवी आहेत.

नंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळतात. तीस-पस्तीस वर्षं एका जागी बसलेली पट्टी कुठे घट्ट, कुठे सैल झालेली असते. तशीच चालवली तर चित्र मध्येच हिसका घेतं. घरी व्हीसीआर चालू अवस्थेत असला तरी अशी कॅसेट घरी लावून बघू नका. पट्टी दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक झालेलं असतं, ते पट्टी चुरगाळतं, आणि चुरगाळलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही.

हेड साफ करायचा प्रकार तर बिलकूल घरी नको. चालू मशीनमध्ये ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो, आणि त्यावरचं हेडचं टोक डोळ्यांना नीट दिसतही नाही इतकं बारीक असतं. कानकोरण्याच्या कापसाचा धागा त्यात अडकला की टोक तुटतं. त्याची योग्य पद्धत अशी: साबराचं कातडं, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कातडं स्थिर धरून ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली कधीच घासायचं नाही. मशीनचे भागही आता सहज मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी जुलै २०१६मध्ये थांबली. दुकानात दोन मशीन चालू आहेत आणि तीन पार्टसाठी उघडून ठेवल्यात. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. दहा कॅसेटी दिल्या तर आठवडा धरून चला. ‘उद्या देतो’ म्हणणाऱ्या दुकानात जाऊच नका.

मशीनमधून निघालेला सिग्नल थेट संगणकात जात नाही. आधी टाइम बेस करेक्टरमधून जातो. ही पेटी काय करते ते एका चित्रात सांगतो. जुन्या मालिकेत दारात उभं राहून कुणीतरी बोलतंय. ताणलेल्या पट्टीवर त्या दाराची चौकट पाण्यात बघितल्यासारखी डुलते, कारण प्रत्येक ओळ थोडी लवकर किंवा उशिरा सुरू होते. करेक्टर प्रत्येक ओळ तिच्या वेळेवर आणून ठेवतो आणि चौकट सरळ उभी राहते. ऑनलाइन मिळणाऱ्या पाच-सातशेच्या यूएसबी डोंगलमध्ये हे नसतं. त्यात खराब जागी फ्रेम गळतात, आणि तिसऱ्या तासाला ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

दुकानाची एक चूक मात्र नेहमीची आहे. ट्रॅकिंग, म्हणजे हेड पट्टीवरच्या रेकॉर्डिंगशी जुळवणं, पहिली पाच मिनिटं बघून लावतात आणि कॅसेट सोडून देतात. घरगुती कॅसेटीत अर्धं रेकॉर्डिंग बडोद्याच्या मशीनवरचं, पुढचं मुंबईच्या, असा मामला असतो. दोन मशीनच्या हेडची बैठक किंचित वेगळी, त्यामुळे जोड आला की पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पट्टा सुरू होतो आणि शेवटपर्यंत राहतो. उपाय सोपा: ‘साधारण दीड तासानं रेकॉर्डिंग बदलतं, तिथे ट्रॅकिंग पुन्हा लावा’ अशी चिठ्ठी कॅसेटीला रबरबँडनं लावून द्या. चिठ्ठी असली की करतात. अमेरिकेतून आलेली कॅसेट असेल तर तेही लिहा. ती ५२५ ओळींच्या एनटीएससी पद्धतीची असते, आपली पाल पद्धत ६२५ ओळींची. चुकीच्या मशीनवर ती कृष्णधवल किंवा गुंडाळत जाणारी दिसते, आणि कॅसेट बिघडली म्हणून परत येते.

आवाजाचंही सांगून ठेवा. हाय-फाय मशीनवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटीत आवाजाचे दोन माग (ट्रॅक) असतात: एक पट्टीच्या कडेला, साधा, दुसरा चित्राबरोबर. झिजलेल्या कॅसेटीत दुसरा माग भुर्र-भुर्र वाजतो. तसं असेल तर साधा माग घ्यायला लावा. खरखर राहते, पण शब्द कळतात. खरखर ‘साफ’ करू देऊ नका. संवाद विहिरीतून आल्यासारखे होतात.

आता ते नऊशेचं पॅकेज. व्हीएचएसवर आडव्या दिशेनं जेमतेम २४० ओळींइतका बारकावा असतो (वरच्या ६२५ ओळी उभ्या दिशेच्या). जो नाहीच तो कुठून आणणार? मग सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. सुरकुत्या जातात, कपाळ मेणाचं होतं, सुती साडीचा पोत पुसला जाऊन ती प्लॅस्टिकची वाटते. सगळ्यात वाईट गत श्रेयनामावलीची. देवनागरी अक्षरं त्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत; शिरोरेखा तुटते, वेलांटी आणि मात्रा एकमेकींत वितळतात, आणि लेखकाचं नाव वाचता येईनासं होतं. मूळ धूसर चित्रात ते नाव वाचता येत होतं!

त्याच पॅकेजमध्ये चित्र ‘फुल स्क्रीन’ करून देतात. जुनी मालिका ४:३ची, आजचा टीव्ही १६:९चा. रुंदी भरायची तर उंचीतला पाव भाग कापावा लागतो. जुने छायाचित्रकार डोक्यावर थोडीच जागा सोडायचे, त्यामुळे पहिली कापली जाते ती पगडी, नाहीतर कपाळावरचं कुंकू. जेवणाच्या पंगतीत ताटं जातात. हा दोष या दुकानापुरता नाही. ऑनलाइन फिरणाऱ्या कितीतरी प्रतींमध्ये हीच कापाकापी आहे. एखाद्या मालिकेच्या दोन प्रती दिसल्या तर डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या असलेली उघडा.

साध्या पॅकेजमध्येही चित्राच्या अगदी तळाशी फाटलेली, थरथरणारी बारीक पट्टी दिसेल. तो बिघाड नाही. तिथे मशीन एका हेडवरून दुसऱ्यावर जाते. जुन्या काचेच्या टीव्हीत ही पट्टी चौकटीआड लपायची. खटकत असेल तर तेवढ्या ओळी काळ्या करून मागा, झूम करून नको.

पैसे न वाढवता मागायची गोष्ट म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. जुनं व्हिडिओ चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं. दुकान सवयीनं २५ची फाइल करतं, म्हणजे निम्मी हालचाल फेकून देतं. दोन माणसं बसून बोलतायत तर फरक कळणार नाही; पण लावणी, क्रिकेट किंवा पडद्यावरून सरकणारी नावं अडखळतात. ‘पन्नास-पी द्या’ एवढं म्हटलं की पुरे. फाइल मिळाल्यावर कुणी चालत जातानाचं दृश्य लावून बघा. माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत असेल तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय. तिथल्या तिथे परत द्या. दुरुस्ती संगणकावरच होते, कॅसेट पुन्हा चालवावी लागत नाही.

तीन तासांची चांगली एमपी४ फाइल सात-आठ जीबीची होते. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, म्हणून दुकान तिचे तुकडे करतं, आणि तुकडा बरोबर संवादाच्या मध्ये पडतो. एक्सएफएटी पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह घेऊन जा, त्याला ही मर्यादा नाही. मात्र आपला टीव्ही तो वाचतो ना, हे आधी घरी तपासा. वाचत नसेल तर भागागणिक फाइल कापून मागा. मूळ, बारकावा न गमावता दाबलेली (लॉसलेस) फाइल तासाला तीसेक जीबी होते. लग्नाच्या कॅसेटीची ती हार्ड डिस्कवर जरूर घ्या. नेहमीच्या मालिकांना गरज नाही, पण मुंबई केंद्राचं काही निघालं तर घ्या.

घरी लावल्यावर माणसं बुटकी आणि जाड दिसली तर दोष दुकानाचा नाही. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइजमध्ये जाऊन ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ करा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा. आणि हे एकामागून एक बघू नका. आठवड्याला एक-दोन या हिशेबानं लिहिलेले भाग आहेत, प्रत्येकात मागचं थोडं उगाळलेलं असतं. रात्री एक भाग, जाहिरातींसकट, हे प्रमाण बरं पडतं.

पुरात भिजलेल्या कॅसेटींबद्दल दुकान स्पष्ट बोलतं. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासूनच्या कॅसेटी अजून येतात. ज्यांनी त्या गच्चीवर उन्हात वाळवल्या त्यांच्या बहुतेक गेल्या. गाळ पट्टीवर घट्ट बसला आणि थर एकमेकांना चिकटले. भिजलेली कॅसेट वाळू न देता, उघडून, डिस्टिल्ड वॉटरनं गाळ धुऊन सावलीत पंख्याखाली हळूहळू वाळवायची असते. इथे हे काम घेतात, पण हमी देत नाहीत आणि आगाऊ पैसेही मागत नाहीत.

एक किरकोळ तक्रार: काम झालं की कॅसेट जिथे थांबली तिथेच ठेवून परत करतात. काउंटरवरच पूर्ण रिवाइंड करून मागा. घरी पुस्तकासारखी उभी ठेवा, टीव्ही आणि स्पीकरपासून लांब. आणि पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा तोडलेला आहे ना ते बघा. नसेल तर स्क्रू ड्रायव्हरनं तोडून टाका, म्हणजे त्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.