तेलकट केसांसाठी शिकेकाई-रिठा : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

माझे केस सकाळी धुतले तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चप्प बसायचे. ठाण्याच्या दमट हवेत तर विचारूच नका. म्हणून गेल्या पावसाळ्यात शिकेकाई सुरू केली, ती आजही चालू आहे.

तयार पूड मी घेत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून अख्ख्या शेंगा, रिठे आणि आवळकाठी आणते. एका न्हाण्याला पाच-सहा शेंगा, बिया काढलेले तीन रिठे, चमचाभर आवळकाठी, दोन पेले पाणी. रात्री भिजत घालायचं, सकाळी निम्मं होईपर्यंत उकळायचं, कुस्करून फडक्यातून गाळायचं. गाळणं महत्त्वाचं. पूड थेट डोक्यावर थापली की कण केसांत अडकतात आणि दिवसभर खांद्यावर कोंडा पडल्यासारखे झडत राहतात. लोखंडी कढई नको, आवळ्यामुळे काढा काळाकुट्ट होतो. डोळे मात्र घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो.

फेस शाम्पूसारखा येत नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे केस धुतलेच नाहीत असं वाटत राहतं. पण रिठा-शिकेकाईतलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं काम करणारं नैसर्गिक द्रव्य, तेल खरंच सोडवतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं. त्यात साबण लावला की कॅल्शियममुळे केसांवर चिकट थर बसतो, या काढ्याने बसत नाही. हा फायदा मला कुणी आधी सांगितला नव्हता.

आता अपेक्षांबद्दल. केस तेलकट होणं थांबलेलं नाही. तेल टाळूखालच्या ग्रंथी बनवतात आणि त्यांच्यावर हुकूम हार्मोन्सचा चालतो, शेंगांचा नाही. केस आता दोन दिवस मोकळे राहतात, एवढंच. ‘कमी धुवा म्हणजे तेल कमी सुटायची सवय लागेल’ हा सल्ला मी मुळीच मानत नाही. न धुतल्याने तेल साठतं, आणि त्यावर कोंड्याची बुरशी पोसते. सासूबाईंच्या आग्रहाचं रविवारचं तेल मी आता फक्त केसांच्या टोकांना लावते. खरं सांगायचं तर निम्मा फरक त्यानेच पडला असावा.

मुलतानी माती उन्हाळ्यात बरी वाटते, तेल शोषून घेते. मात्र पूर्ण वाळायच्या आत धुवावी, नाहीतर केस काथ्यासारखे होतात. कोरफडीने गार वाटलं, तेलकटपणा तसाच. लिंबाचा रस नुसता कधीच नको. टाळू चुरचुरते, आणि रस राहून ऊन लागलं तर कातडी भाजून डागही पडू शकतात. मगभर पाण्यात चमचाभर रस, शेवटी एकदा, बस्स. खाण्याच्या सोड्याच्या वाटेला जाऊ नका. टाळू किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा बरोबर उलटा.

तेलकटपणा अचानक वाढला असेल, सोबत पाळी अनियमित किंवा हनुवटीवर केस येत असतील, तर उकळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. पीसीओएसमध्ये, म्हणजे बायकांमधल्या हार्मोन्सच्या एका बिघाडात, असं होतं.

काढा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, मग आंबूस वास येतो. प्रवासाला जाताना मी सरळ शाम्पूची पुडी नेते.