आठ महिने झाले, माझी एफ-सात अजून मुकीच

छपाईची पानं लावायच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबद्दल लिहितेय. आधी माझं काम सांगते, म्हणजे हे कुणी वाचायचं आणि कुणी सोडून द्यायचं ते ठरेल. बेळगावच्या शहापुरातल्या एका प्रेसमध्ये मी एकोणीस वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, दुकानांच्या पाट्या. मराठी आणि कन्नड, पुष्कळदा एकाच पानावर. २०२४ मध्ये कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हापासून तर दोन लिप्या शेजारी शेजारी बसवणं हेच निम्मं काम. तुम्ही नुसती इंग्रजी व्हिजिटिंग कार्डं करत असाल तर पुढचं वाचून म्हणाल, एवढं काय त्यात. तुमच्यापुरतं ते खरंही असेल.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. लायसन्स मालकांचं आहे, भांडण माझं. पानं लावायचा प्रोग्राम आहे, दरवर्षी पैसे भरायचे, जे वापरतात ते ओळखतील.

नवी आवृत्ती आली ती नेमकी तुळशीच्या लग्नानंतर. आमच्याकडे तेव्हा पत्रिकांची रांग लागते, येळ्ळूर, धामणे, उचगाव, खानापूरकडची माणसं मजकूर घेऊन दारात उभी असतात. अण्णा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "घालून सोड की, फुकट हाय." मी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम उघडला आणि परगावच्या लॉजवर जागी झाल्यासारखं वाटलं. खोली झकपक, चादरी पांढऱ्या, पण चप्पल कुठं काढली ते आठवेना.

जुन्यात माझी मांडणी अशी होती: उजवीकडे वर अक्षरांचं पॅनल, त्याखाली स्टाइल्स, म्हणजे फॉन्ट-आकार बांधून ठेवलेले साचे, डावीकडे फक्त सहा टूल्स. जी लागत नाहीत ती मी सात-आठ वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. पत्रिकेसाठी एक मांडणी, अहवालासाठी दुसरी, फ्लेक्ससाठी तिसरी, तिन्ही नावानिशी सेव्ह केलेल्या. आणि कीबोर्डवरच्या एफ-सातवर मराठी भाषा, एफ-आठवर कन्नड. मजकूर निवडायचा, की दाबायची, झालं. नव्यात यातलं एकही नाही. पॅनल सरकत नाही, टूलबारमधलं काही काढता येत नाही, मांडणी एकच, ती कंपनीने ठरवलेली. शॉर्टकट बदलायची खिडकीच काढून टाकली आहे. एफ-आठ दाबलं की मदतीचं पान उघडतं. एफ-सात दाबलं की काहीच होत नाही.

एफ-सातचं एवढं काय, असं ट्रेनिंगला आलेल्या पोरानेही विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथं सांगते. देवनागरीत श आणि ल यांची दोन-दोन वळणं आहेत, एक मराठीची सवय आणि एक हिंदीची. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल धरला. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं ते फॉन्ट आपल्या मनाने ठरवत नाही. मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामने सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर पुष्कळ फॉन्ट हिंदीचं वळण दाखवतात. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथून उचलून चिकटवलं की त्याला भाषेचा पत्ताच नसतो. म्हणजे प्रत्येक तुकड्याला "ही मराठी, ही कन्नड" असं सांगायचं. शब्द ओळीच्या शेवटी कुठं तोडायचा तेही त्याच भाषेवरून ठरतं, म्हणून कन्नड तुकड्याला तर ते सांगावंच लागतं. दिवसात शंभर-दीडशे वेळा. जुन्यात एक की. नव्यात मजकूर निवडा, उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, "आणखी", मग "प्रगत", मग भाषांची यादी. यादी इंग्रजी वर्णक्रमाने, त्यामुळे कन्नड मध्यावर आणि मराठी त्याच्या बरंच खाली.

स्टाइलमध्येच भाषा बांधून ठेवा, असं कुणीतरी म्हणेलच. बांधली आहे हो. पण स्टाइल्सचं पॅनल आता आपोआप मिटतं. दुसरीकडे क्लिक केलं की गप्पदिशी बंद. ते उघडं राहू द्या अशी सोय नाही.

मार्गशीर्षात व्हायचं ते झालं. तीनशे पत्रिका, घाईचं काम, वर मोठ्या अक्षरात "शुभविवाह". तेवढा एक तुकडा माझ्याकडून भाषा न सांगता राहिला. मुलाचे आजोबा पेन्शनर मास्तर, पत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, ह्यो श आमचा न्हवं." अण्णांनी त्यांच्या देखतच दुसऱ्या छापून द्यायचं कबूल केलं. कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले नाहीत, पण दोन दिवस कुणी माझ्याशी फार बोललंही नाही. चूक माझी, हे मान्य. जुन्यात ती कधी झाली नव्हती, हेही खरं.

आता पडदा. आमचे दोन्ही मॉनिटर १३६६ बाय ७६८ चे. नव्या पट्टीतली बटणं बोटाने दाबायची असावीत एवढी मोठी, मध्ये मोकळी जागाच जागा. वरची पट्टी आणि खालची पट्टी धरून मी फूटपट्टीने मोजलं, पडद्याची जवळपास पाव उंची जाते. पत्रिकेचं पान पूर्ण बघायचं तर इतकं बारीक करावं लागतं की काना-मात्रा दिसत नाहीत. पट्टी लहान करा, लपवा, बाजूला घ्या, यातलं काही होत नाही. गडद रंग आणि फिका रंग एवढं मात्र निवडता येतं. सेटिंगमध्ये त्यालाच "तुमच्या पसंतीनुसार" असं नाव दिलंय.

चांगलं काय ते न लिहिणं बरोबर नाही. आपोआप सेव्ह होतं, आणि खरंच होतं. पावसाळ्यात करंट गेला, यूपीएसने मान टाकली, तरी परत सुरू केल्यावर शेवटच्या ओळीपर्यंत काम जागेवर होतं. पीडीएफ पहिल्यापेक्षा पटकन निघते. ट्रेनिंगचा पोरगा चार दिवसांत साधी कार्डं करायला लागला. जुन्यात त्याला महिना लागला असता. आणि कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे अक्षराच्या पोटाखाली येणारी जोडाक्षरं, आता ओळीवर ओळ आली तरी कापली जात नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी आधीची पाच वर्षं तक्रारी लिहिल्या होत्या. म्हणजे ऐकतात, पण सावकाश.

मांडणीबद्दलही लिहिलं. उत्तर आलं की बहुतेक लोक टूलबार कधी बदलतच नाहीत असं त्यांना दिसून आलं, म्हणून सगळ्यांसाठी सोपं केलं. असेलही. पंक्तीत बहुतेक जण पानातलं मीठ तसंच ठेवून उठतात, म्हणून मीठ वाढायचं बंद केलेलं मी तरी कुठल्या लग्नात पाहिलं नाही. आणि जे बदलत नाहीत त्यांना ती खिडकी असल्याचा त्रास तरी काय होता? ती मेनूत चौथ्या पातळीवर गपचिप पडून होती.

अण्णा म्हणतात सवय होईल. हे सवयीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मराठीतून कन्नड टायपिंगला मी तीन आठवड्यांत गेले, कारण इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणीच तशी शहाणी आहे: मराठीत ज्या कीवर क, कन्नडमध्येही तिथंच क. उजव्या हाताला व्यंजनं, डाव्या हाताला स्वर. १९९१ पासून ती भारतीय मानकात आहे. लिपी बदलली तरी बोटांना नवी जागा शिकावी लागत नाही. इथं लिपी तीच, काम तेच, माणूस तेच, आणि जागा मात्र बदलल्या. वर त्या परत आपल्या सोयीने लावायलाही बंदी.

थोडी आशा आहे ती आधीच्या उदाहरणांवरून. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली तेव्हा ती स्वतःला हवी तशी लावता येत नव्हती, ऑफिस २०१० मध्ये ती सोय आली. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. विंडोज ११ च्या टास्कबारवर उघड्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दिसायची सोय २०२१ ला नव्हती, २०२३ ला आली. म्हणजे साधारण एक ते तीन वर्षं. अण्णांना हा हिशेब सांगितला तर म्हणाले, "तवर पत्रिका कोण लावालंय?"

मी लावालोय, जुन्यावर. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आधीची आवृत्ती अजून चालते. त्याचं नेट काढून ठेवलंय, नाहीतर रात्रीत अपडेट होऊन बसायचं. पत्रिका आणि अहवाल तिथं, फ्लेक्स आणि साधी कार्डं नव्यावर. अडचण एवढीच की नव्यात उघडून सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही. मास्तरांच्या पत्रिकेनंतर हा नियम भिंतीवर लिहून लावलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण दुपारच्या पाळीची अक्का कन्नडच वाचते.

पाचपैकी किती स्टार द्यायचे विचाराल तर दोन. एक ओत्तक्षरांचा, एक करंट गेल्यावरचा. एका भाषेत काम असेल आणि मॉनिटर मोठा असेल तर खुशाल घ्या, तुम्हाला चार वाटतील. दोन लिप्यांचं काम असेल तर ट्रायल उतरवा आणि दुसरं काही बघण्याआधी भाषा बदलायला किती क्लिक लागतात ते मोजा. आणि सीझन सुरू असताना, मालक कितीही म्हणाले तरी, "अपडेट" दाबू नका.

आमचं लायसन्स दसऱ्याला संपतं. जुन्या कॉम्प्युटरचा फॅन आत्ताच घरघर करायला लागलाय. शनिवारी रामदेव गल्लीत नेऊन दाखवते.