जुलाब लागले की शहाळं की ओआरएस?
आमच्या मालवणात कुणाला जुलाब लागले की आधी शहाळं फोडतात, आणि ते वाईट नाही पण पुरेसं पण नाही, कारण जुलाबात पाण्याबरोबर मीठ म्हणजे सोडियम जातं आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र कमीच. ओआरएसमध्ये, म्हणजे पाकिटातली पावडर विरघळवून केलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यात, 1 लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, ती साखर चवीसाठी नाही, तिच्यामुळेच आतडं मीठ नि पाणी आत ओढून घेतं. म्हणून प्लीज पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने ओतू नका, 1 लिटरचं असेल तर पूर्ण लिटर मोजा, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. माझ्या लेकाला मे महिन्यात झालं तेव्हा चमचा चमचा पाजत बसले, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत, संध्याकाळी लघवी झाली तेव्हा कुठे जीवात जीव आला.

शहाळं उन्हातून आल्यावर मस्तच. पण किडनीचा आजार असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय नकोच, पोटॅशियम वाढलं तर हृदयावर येतं. पाकीट येईपर्यंत मीठ घातलेली पातळ पेज द्या. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर सरळ दवाखाना गाठा.