सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड: ऑइल-फिल्टर, नुसता टेन्शनर की अख्खी चेन किट?

रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी स्टार्ट मारला की बोनेटखालून खडखडखड, दोन-तीन सेकंदांत आवाज बंद आणि मग दिवसभर इंजिन एकदम गप. गॅरेजवाला एक म्हणतो ऑइल बदला, दुसरा म्हणतो चेन गेली, तिसरा थेट इंजिन उतरवायची भाषा करतो. तीन कामं, तीन वेगळे खर्च, आणि कुठलं करायचं हे ठरवायचं तुम्ही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की हा थंडीचा प्रकार आहे. आपल्याकडे गोव्यात जानेवारीत सत्तरी-डिचोलीकडे पहाटे गार वाटतं हे खरं, पण त्या गारव्यात ऑइल घट्ट होत नाही, फाइव्ह डब्ल्यू ग्रेडचं पातळ ऑइल तर शून्याच्या बरंच खाली सुद्धा वाहतं. होतं काय की गाडी उभी राहिली की वरच्या भागातलं ऑइल हळूहळू चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं, आणि टायमिंग चेन (पिस्टनचा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात फिरवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. प्रेशर यायच्या आधीच्या त्या सेकंदांत चेन ढिली असते आणि गाइडवर (चेन ज्यावरून सरकते त्या पट्टीवर) आपटते. म्हणून पावसाळ्यात आठ-दहा दिवस न हललेली गाडी, किंवा बोटीवर कामाला असलेल्यांची महिनोन् महिने घरी झाकून ठेवलेली गाडी जास्त खडखडते.

आता आवाज किती वेळ टिकतो ते मोजा, निम्मा निर्णय तिथेच होतो. एक-दोन सेकंद असेल तर आधी फिल्टरकडे बघायचं. तीन-चार सेकंदांच्या वर जात असेल आणि महिन्यागणिक वाढत असेल तर टेन्शनर-चेन. इंजिन गरम होईपर्यंत दोन-तीन मिनिटं टकटक राहत असेल तर चेनवर पैसे घालू नका, तो पिस्टनचा, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) गॅस्केटचा आवाज असू शकतो.

ऑइल आणि फिल्टर हा सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि माझं ठाम मत आहे की दुसरं काहीही करायच्या आधी हाच करावा, कारण यात पैसे वाया जात नाहीत, सर्व्हिस कधी ना कधी करायचीच असते. ऑइल फिल्टरच्या आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो जो इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहू देत नाही, बिनब्रँडच्या स्वस्त फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो किंवा नीट बसतच नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल त्या इंजिनात तर हे फार जाणवतं. तेव्हा फिल्टर कंपनीचाच घ्या आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं. आवाज दाबायला ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी टाका असा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. जाड ऑइल वर पोचायला जास्त वेळ घेतं म्हणजे चेन जास्त वेळ कोरडी, आणि गरम झाल्यावर आवाज कमी वाटतो म्हणून तुम्हाला वाटतं काम झालं. जुनं ऑइल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्या आणि उन्हात बघा, चकाकणारे कण किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर गाइड तुटायला लागलंय आणि मग फिल्टरवर थांबण्यात अर्थ नाही.

पेट्रोल गाडीला एक चाचणी फुकटात होते. रात्रभर उभ्या गाडीचा फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवायचा, इंजिन सहसा चालू होणार नाही पण ऑइल वर चढेल, मग फ्यूज लावून स्टार्ट करायचं. आता खडखड आली नाही किंवा अगदी कमी आली तर दोष प्रेशर उशिरा येण्यात आहे हे जवळजवळ नक्की. तरीही तेवढीच आली तर चेन किंवा गाइड झिजलंय, नाहीतर आवाज इंजिनच्या आतला नाहीच. डिझेलला हे करू नका, लाइनमध्ये हवा शिरली की वेगळाच ताप.

खरा पेच इथून पुढे आहे, नुसता टेन्शनर की पूर्ण किट. टेन्शनर एकटा घेतला तर पार्ट स्वस्त, म्हणून मन तिकडे ओढतं. पण मारुतीची के-सिरीज पेट्रोल घ्या किंवा स्विफ्ट-डिझायरमधलं १.३ डिझेल घ्या, टेन्शनरपर्यंत जायला पुढचं कव्हर काढावं लागतं, त्यासाठी चेंबर, पुली, माउंटिंग सगळं खोलायचं, म्हणजे लेबर दोन्ही कामांना जवळपास तेवढंच. ते सगळं उघडं पडलेलं असताना लाखभर किलोमीटर पळालेली जुनी चेन आणि घासलेली गाइड परत आत ठेवून कव्हर बंद करणं मला पटत नाही. चेनच्या पिना झिजत जातात, तिची लांबी वाढते, आणि नवीन टेन्शनर ती वाढलेली लांबी काही दिवस झाकतो एवढंच. मग वर्ष-दीड वर्षात तेच लेबर पुन्हा. त्यामुळे या इंजिनांना चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, लागली तर स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं), कव्हरचं सील आणि नवीन ऑइल-फिल्टर हे एकाच वेळी.

गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर लावून बघणं इथे फार उपयोगी, साधा ब्लूटूथवाला असला तरी चालेल. पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅमचं गणित जुळत नाहीये, म्हणजे चेन लांबलेली असण्याची किंवा एक दात सरकलेली असण्याची शक्यता मोठी, तिथे नुसत्या टेन्शनरचा विचार सोडून द्या. आणि या बहुतेक इंजिनांत चेन सुटली तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड उतरवून बेळगाव नाहीतर कोल्हापूरच्या मशिन शॉपला पाठवायची वेळ येते. किटचा खर्च जड वाटतो तेव्हा त्या खर्चाशी ताडून बघा.

नुसता टेन्शनर बदलणं शहाणपणाचं आहे अशाही गाड्या आहेत. जुन्या कोरोलाच्या १.८ पेट्रोलला टेन्शनर बाहेरूनच निघतो, दोन नट आणि काम झालं, तिथे आधी तोच बदलून बघावा. होंडा सीआरव्हीच्या २.४ मध्ये गार स्टार्टला एकच सेकंद जोरात खर्र येतं ते बहुतेक वेळा चेनचं नसतं, कॅमवरच्या व्हीटीसी अॅक्च्युएटरची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणाऱ्या भागाची) लॉक पिन नीट बसत नाही त्याचं असतं, तिथे चेन किट टाकून आवाज तसाच राहील. उलट स्कोडा-फोक्सवॅगनच्या जुन्या १.८ टीएसआयमध्ये टेन्शनर हाच कच्चा दुवा, नंतर त्याचं सुधारित डिझाइन आलं, तेव्हा या गाडीला खडखड सुरू झाली की अजिबात वाट बघू नये.

आणि आधी आपल्या गाडीत चेन आहे की बेल्ट ते तपासा हो. डस्टरचं १.५ डिझेल, जुनी इंडिका, या बेल्टच्या गाड्या, यांना कोणी टायमिंग चेन वाजतेय म्हणाला तर दुसरं गॅरेज शोधा.

किनारपट्टीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. कळंगुट, मिरामार, कोलवा, जिथे खारा वारा चोवीस तास, तिथे एक्झॉस्टवरचा उष्णता अडवणारा पत्र्याचा हीट शील्ड बोल्टपाशी गंजून सुटतो आणि गार असताना पातळ पत्र्यासारखा झणझणतो, तापला की फुगून गप्प बसतो. गाडी पूर्ण थंड असताना त्यावर हाताने टकटक करून बघा. तोच असेल तर स्टेनलेसची मोठी क्लिप आवळली की संपलं. इंजिन खोलायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करायलाच हवं.

पिस्टनचा आवाज असेल तर मात्र मी राहू द्या म्हणेन. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, फट भरते, आवाज जातो. ऑइल कमी होत नसेल, निळा धूर नसेल, तर त्यासाठी बोअर करून इंजिन बांधणं पैशाच्या दृष्टीने बसत नाही, गाडी अशीच कित्येक वर्षं चालते. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा.

काम कुठे द्यायचं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बरोबर पार्ट नंबर आणि चेन बसवताना कॅम हलू नये म्हणून तो लॉक करायचं टूल असतं, कामाची वॉरंटी मिळते, पण अॅडव्हायझर गाडी दुपारी चालवून 'आवाज नाही' लिहून परत देतो, कारण तोवर इंजिन गरम. म्हापसा, फोंडा, साखळीकडचा अनुभवी फिटर लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आवाज कुठल्या बाजूचा ते बरोबर सांगतो, लेबरही कमी. फिल्टर, हीट शील्ड, बाहेरून निघणारा टेन्शनर याला फिटरच बरा. चेन किट द्यायची असेल तर त्याला आधी सरळ विचारा, या इंजिनचं लॉकिंग टूल तुमच्याकडे आहे का. अंदाजाने खुणा मारून बसवतो म्हणाला तर कंपनीत जा, जास्त पैसे गेले तरी. दोन्हीकडे गाडी आदल्या संध्याकाळीच सोडा आणि सकाळी पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा, घरून फोनवर व्हिडिओ काढून नेलात तर आणखी चांगलं. दुपारी एक ते तीन बरीच गॅरेज बंद असतात, त्या वेळेत गाडी नेऊन काही होत नाही.

किट बसवेपर्यंत दिवस जाणार असतील तर लेव्हल भरलेली ठेवा, स्टार्ट झाल्याझाल्या रेस देऊ नका, आणि चोर्ला किंवा अनमोड घाट पुढे ढकला. काम झाल्यावर नवीन टेन्शनरमध्ये ऑइल भरेपर्यंत पहिल्या स्टार्टला थोडी खडखड येऊ शकते, त्याला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या सकाळी मात्र ती यायला नको, आली तर गाडी त्याच दिवशी परत न्या.