लोडरचे फोर्क आणि हिच: बकेटवर कसायचे, फ्रेमचे आणि मागचे

लोडरसाठी (पुढच्या आर्मवर बकेट असलेल्या यंत्रासाठी) किंवा ट्रॅक्टरसाठी फोर्क, म्हणजे पॅलेटखाली (माल रचायच्या फळीखाली) घालून माल उचलायची L आकाराची दोन पोलादी पाती, घ्यायला गेले की तीन प्रकार समोर येतात. पहिला बकेटच्या धारेवर बोल्टने कसायचा, दुसरा बकेट उतरवून क्विक कपलरवर (आर्मच्या टोकाच्या झटपट जोडणीवर) चढवायच्या स्वतंत्र फ्रेमचा आणि तिसरा ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजला (खालचे दोन आणि वरचा एक, अशा तीन दांड्यांच्या जोडणीला) जोडायचा. तिन्ही वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की नियमित कामासाठी फ्रेमचेच फोर्क घ्यावेत, त्या फ्रेममध्ये हिचची (ट्रेलर जोडायच्या सोयीची) चौकोनी नळी असेल तर उत्तमच, आणि बकेटवर कसायचे फोर्क हलक्या व क्वचितच्या कामापुरते ठेवावेत. खरेदी करताना बहुतेक जण पात्याची जाडी पाहतात आणि किती किलोचा शिक्का आहे ते विचारतात. वजन लोडरच्या पिनेपासून (आर्मच्या टोकाला जिथे बकेट जोडली जाते तिथून) किती पुढे जाऊन बसणार आहे हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि सगळा हिशेब तिथेच ठरतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या लोडरची उचलण्याची क्षमता पिनेपाशी 800 किलो आहे आणि आर्मच्या मागच्या सांध्यापासून ती पिन 2.2 मीटर अंतरावर आहे. बकेट उतरवून 130 किलोची फ्रेम चढवली आणि पॅलेटचा गुरुत्वमध्य पात्याच्या उभ्या भागापासून नेहमीप्रमाणे 500 मिमी पुढे धरला, तर तोच लोडर जेमतेम 500 किलोचे पॅलेट उचलतो. बकेट तशीच ठेवून तिच्या धारेवर फोर्क कसले, तर बकेटची खोली मध्ये येते, बकेटचे स्वतःचे वजनही वाहावे लागते आणि हातात पावणेचारशे किलोच्या आसपास क्षमता उरते. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक लोडरच्या सांध्यांची रचना निराळी असते. पण फरक किती मोठा आहे हे त्यांवरून लक्षात यावे. शिवाय बकेट वळवणाऱ्या सिलिंडरांवरचा भार याहूनही झपाट्याने वाढतो, कारण त्यांच्या दृष्टीने अंतर थेट पिनेपासून मोजले जाते. आर्म उचलायला तयार आहेत, पण पात्यांची टोके वर वळायला तयार नाहीत, असा अनुभव बकेटवरच्या फोर्कने हमखास येतो.

बकेटवर कसायच्या फोर्कची दुसरी अडचण बकेटलाच भोगावी लागते. पात्याचा मागचा भाग बकेटच्या तळावर टेकतो आणि सगळा ताण दोन बोल्टांच्या टोकांखाली एकवटतो. हलक्या बकेटची धार अशा ठिकाणी कालांतराने लाटेसारखी वाकते आणि नंतर त्या बकेटने माती सपाट करायला गेले की जमिनीवर दोन चरे उमटतात. पॅलेटमध्ये थोडे तिरपे शिरले तर पाते बाजूला सरकते. दोन्ही पात्यांना जोडणारा आडवा दांडा दिलेला असेल तर हे बऱ्याच अंशी टळते, म्हणून असा दांडा नसलेला संच मी कोणालाही सुचवणार नाही. बोल्ट कामाच्या मध्येही पुन्हा आवळावे लागतात. एवढे सगळे सांगूनही या प्रकाराची एक बाजू खरी आहे: लोडरला क्विक कपलर नसेल, बकेट थेट पिनांवर बसलेली असेल आणि वर्षातून मोजकीच पॅलेटे हलवायची असतील, तर हाच मार्ग सोयीचा ठरतो.

फ्रेमच्या फोर्कचा मोठा फायदा नजरेचा आहे. बकेट समोर असताना चालकाला पात्यांची टोके जवळजवळ दिसत नाहीत आणि पॅलेटच्या फटीत अंदाजानेच शिरावे लागते. उघड्या फ्रेममधून मात्र निदान पात्याची मुळे आणि बऱ्याचदा टोकेही दिसतात. फ्रेम निवडताना पाठीमागच्या पट्ट्या कुठे येतात ते चालकाच्या जागेवर बसूनच पाहावे. नेमकी नजरेच्या रेषेत आडवी पट्टी असलेली फ्रेम कितीही भक्कम असली तरी रोज त्रास देते. पाती वरच्या पट्टीवर अडकवून खिट्टीने जागच्या जागी बसवायची रचना मला सर्वांत भरवशाची वाटली, कारण खाच आणि खिट्टी यांत धूळ गेली तरी हाताने साफ करता येते. गोल दांड्यावर लोंबणारी पाती बाजूला सरकवायला सोपी जातात, पण खडबडीत रस्त्यावर ती खडखडतात, आणि टोके जमिनीला लागली की वर उचलली जातात. लांबीच्या बाबतीत 1200 मिमी खोलीच्या पॅलेटसाठी साधारण 1070 ते 1200 मिमीची पाती पुरतात. त्याहून लांब पाती घेतली तर टोके पॅलेटच्या पलीकडे निघून मागच्या मालाला भोसकतात.

स्किड-स्टीअर लोडरवर (जागच्या जागी वळणाऱ्या छोट्या लोडरवर) ही फ्रेम बसवणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यांच्या कपलरची मापे बहुतांशी सारखी असतात. ट्रॅक्टरच्या लोडरवर मात्र उत्पादकागणिक पद्धत बदलते, म्हणून फ्रेमच्या पाठीवरचे हूक आणि पिनांची भोके आपल्या लोडरशी जुळतात का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच पडताळावे. कपलरची पिन बसल्याचा आवाज आला एवढ्यावर विश्वास ठेवू नये. खाली उतरून दोन्ही बाजूंच्या पिना आरपार गेल्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे आणि मग पात्यांची टोके जमिनीवर हलकेच दाबून खात्री करून घ्यावी.

साध्या लोडरचे आर्म वर जाताना कमानीत फिरतात आणि त्याबरोबर पात्यांचा कोनही बदलतो. जमिनीवर सपाट असलेली पाती वर गेल्यावर चालकाकडे झुकतात आणि वरचा माल बॉनेटवर घसरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून आर्म उचलताना पाती सपाट ठेवण्यासाठी ती वळवण्याची हालचालही सतत चालू ठेवावी लागते. पाती आपोआप समांतर ठेवणारी जोडणी असलेला लोडर मिळत असेल, तर फोर्कच्या कामासाठी मी त्यालाच पसंती देईन, मग मातीच्या कामात तो थोडा मागे पडला तरी चालेल.

मागच्या वजनाविषयी मात्र तडजोड नको. पुढे भार आला की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि अनेक ट्रॅक्टरांत ब्रेक मागच्या चाकांनाच असल्यामुळे उतारावर ब्रेकही दुबळे पडतात. त्यात भर म्हणजे ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मध्यभागी एका सांध्यावर डोलतो. त्यामुळे बाजूला कलताना ट्रॅक्टरचा आधार चार चाकांचा चौकोन राहत नाही. तो दोन मागची चाके आणि पुढचा एक सांधा यांचा त्रिकोण होतो. मागची चाके हलकी झाली की तो आधारही डळमळतो. लोडरच्या पुस्तिकेत सांगितलेले वजन मागे लावणे, भार शक्य तितका खाली ठेवून चालणे, छत-चौकट (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी) उभी ठेवून सीटबेल्ट बांधणे आणि उतारावर आडवे न जाणे या गोष्टी फोर्क लावल्यावर बकेटपेक्षाही काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

मागच्या लिंकेजवरच्या फोर्कबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरच्या मागच्या उचल-क्षमतेचा आकडा बहुधा खालच्या लिंकच्या टोकांपासून 610 मिमी मागे मोजलेला असतो, त्यामुळे तो फोर्कच्या प्रत्यक्ष कामाच्या बराच जवळ जातो. जड पोती किंवा गाठी जमिनीपासून थोड्या उचलून लांब न्यायच्या असतील, तर हा प्रकार लोडरपेक्षा सरस आहे. तो उंच उचलत नाही, टॉप लिंक (वरचा दांडा) हायड्रॉलिक नसेल तर कोन बदलता येत नाही आणि मान सतत मागे वळवावी लागते. येथे पुढची चाके हलकी होतात. ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढच्या ॲक्सलवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टीअरिंग नावालाच उरते.

आता हिच. फ्रेमच्या खालच्या पट्टीत मध्यावर 50 मिमीची चौकोनी नळी असेल, तर तिच्यात बॉल (ट्रेलरचे तोंड ज्यावर बसते तो गोळा) बसवून ट्रेलर आवारात हलवण्याचे काम फार सुखाचे होते, कारण बॉल समोर दिसतो आणि लोडर हलकेच खालीवर करून ट्रेलरच्या तोंडाखाली अचूक नेता येतो. एकाच पात्यावर सरकवून बसवायची हिचही मिळते, पण ती मला पटली नाही. ट्रेलर वळवताना तिचा सगळा आडवा रेटा एका पात्यावर येतो, आणि पाती खालच्या दिशेने येणारा भार झेलण्यासाठी घडवलेली असतात, बाजूच्या रेट्यासाठी नव्हे. बॉलच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे: 50 मिमीचा बॉल आणि 2 इंचाचा, म्हणजे 50.8 मिमीचा बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ट्रेलरच्या दोन इंची कपलरमध्ये 50 मिमीचा बॉल सैल बसतो. पुढची हिच केवळ आवारात, सपाट जमिनीवर आणि संथ गतीने वापरायची आहे. रस्त्यावर ओढायला ड्रॉबारच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेला ओढण्याचा दांडाच हवा.

ओढण्याच्या बाबतीत एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. झाडाचे खोड किंवा अडकलेले वाहन ओढण्यासाठी साखळी फोर्कला, वर उचललेल्या लोडरला किंवा टॉप लिंकच्या जागेला कधीही बांधू नये. ओढण्याची जागा मागच्या ॲक्सलच्या वर गेली की चाके जागीच अडून ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते, आणि तो मागे उलटायला इतका कमी वेळ लागतो की चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. साखळी ड्रॉबारलाच बांधावी आणि ड्रॉबार खालीच ठेवावा.

देखभालीत पात्याच्या कोपऱ्याकडे, म्हणजे जिथे उभा भाग आडव्याला मिळतो त्या वळणाकडे, नियमित पाहावे लागते. जमिनीवर घासून तिथली जाडी मूळ मापापेक्षा 10 टक्के कमी झाली, तर पात्याची क्षमता सुमारे 20 टक्क्यांनी घटते आणि ते पाते बदलायला हवे. न झिजलेल्या उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजून तेच माप कोपऱ्याला लावले की झीज लगेच कळते. पात्याला वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे टाळावे, कारण उष्णतेने त्या पोलादावरची प्रक्रिया बिघडते आणि तडा तिथूनच सुरू होतो. नवीन संच घेताना प्रत्येक पात्यावर क्षमता आणि ती उभ्या भागापासून कोणत्या अंतरावर धरली आहे, असे दोन्ही आकडे कोरलेले आहेत का ते पाहावे. केवळ किलोचा आकडा छापलेले आणि अंतराचा उल्लेख नसलेले पाते स्वस्त मिळत असले तरी मी ते घेणार नाही.