पुण्यात धनकवडीतला ट्रस्टचा दवाखाना : सात महिन्यांचा अनुभव

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते, अकरापर्यंत डबे जातात. सासूबाईंचं वय ७४, मधुमेह १४ वर्षांचा, जोडीला बीपी. त्यांना महिन्याच्या महिन्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे त्या दिवशीचे साठ डबे बंद. नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची, मग पैसे भरायची रांग वेगळी, रक्ताची वेगळी. साहजिकच महिन्याचे दोन महिने, तीन महिने व्हायचे आणि मधे जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणायच्या.

त्याच हॉस्पिटलच्या ट्रस्टनं आमच्या घरापासून दहा मिनिटांवर दोन गाळे जोडून हा दवाखाना काढला. वेळ संध्याकाळी पाच ते साडेआठ, केसपेपर ३० रुपये, बीपी आणि बोटाला टोचून शुगर तिथल्या तिथे.

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आजी, चप्पल काढा, पाय बघू द्या." १४ वर्षांत हे आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये भेग होती. पावसाळ्याचे दिवस, मी चिखल्या समजून हळद आणि तेल लावत होते. सिस्टरनी सासूबाईंना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनची बारीक काडी तळव्याला टेकवत विचारलं, "कळतंय का?" पाचपैकी तीन ठिकाणी सासूबाई गप्प. माझ्या पोटात धस्स झालं. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं, की शुगरमुळे नसा बधिर होतात, जखम दुखतच नाही, म्हणून कुणी दाखवायला येत नाही, आणि येतात तेव्हा कधी कधी बोट काढावं लागतं. पाच आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग झालं आणि जखम भरली. मोठ्या हॉस्पिटलात एक दिवसाआड आम्ही गेलोच नसतो, हे मी खरं तेच सांगते.

गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी होत्या, तारीख चुकली. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन, "आजींच्या गोळ्या संपल्या असतील ना?" खरंच संपल्या होत्या.

माझं माहेर कोरेगाव भीमाचं. जवळच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण रुग्णालय आहे. केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी त्या भागात १९७०च्या दशकात काम सुरू केलं आणि गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी पाठवलं. म्हणजे पुण्यातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांना हे असं लोकांच्या दाराशी जाणं नवीन नाही. शहरातल्या गल्ल्यांत ते अजून कितीतरी ठिकाणी व्हायला हवं. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या, ही योजना २००६ पासून आहे. तिचा आधार मोठा आहे, पण तिचा हिशोब खाटांचा. सासूबाई खाटेवर जाऊ नयेत म्हणून जे करायचं, ते या दोन गाळ्यांत होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, हे सगळं पेशंट मोठ्या हॉस्पिटलकडे ओढायला काढलंय. सात महिन्यांत आम्हाला एकदाच तिकडे पाठवलं, डोळ्याचा पडदा तपासायला. मधुमेह असेल तर तो वर्षातून एकदा बघतातच.

आता तक्रार, आणि ती मनापासून आहे. सात महिन्यांत तीन डॉक्टर बदलले. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. जुनी गोळी का चालू होती, हे मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि इथल्या कॉम्प्युटरला ते दिसत नाही. सासूबाईंना चार दिवस चक्कर येत होती. तिसऱ्या डॉक्टरांनी जुनी फाइल वाचून गोळी परत बदलली. ट्रस्टवाल्यांना विनंती आहे, निदान वर्षभर तरी डॉक्टर हलवू नका. पंच्याहत्तरीला आलेलं माणूस आपलं दुखणं दर दोन महिन्यांनी नव्या चेहऱ्याला सांगत नाही, "बरी आहे" म्हणून मोकळं होतं. मी हे तिथल्या वहीत लिहिलंय, पण इतरांनीही लिहावं.

दवाखान्यात बीपीच्या गोळ्या दोनदा संपलेल्या होत्या, बाहेरून घ्याव्या लागल्या. जागा स्वच्छ आहे, पण दाराला दोन पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही.

जाणार असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी जा, शनिवारी फार गर्दी असते. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि सिस्टरनी सांगितलं नाही तरी आजी-आजोबांची चप्पल काढून पाय दाखवा.