ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात तेल घालावं का, आणि कोणतं?

करारावर पक्षी वाढवणाऱ्यांना खाद्य कंपनीकडून येतं, त्यांचा हा प्रश्न नाही. लासलगाव-येवल्याकडून मका आणून स्वतः खाद्य बनवणाऱ्या नाशिककरांनी मात्र आधी हिशेब मांडावा.

मक्यात किलोला साधारण ३,३५० किलोकॅलरी, सोया तेलात ८,८०० च्या आसपास. मका २४ आणि तेल १२० रुपये धरलं, तर हजार किलोकॅलरी मक्यातून सात रुपयांना पडतात, तेलातून साडेतेराला. फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, २ टक्के मका काढून तेवढंच तेल घातलं की ३८ रुपयांचं खाद्य जवळपास ४० वर जातं. एफसीआर, म्हणजे किलोभर वजन वाढायला लागणारं खाद्य, १.६५ असेल तर तो १.५७ वर आला तरच खर्चाची बरोबरी होते. नुसत्या वाढीव ऊर्जेवर तो १.५९ पर्यंतच उतरतो. तेल ९० ला मिळालं तर गणित जुळतं. आजचे भाव घालून हे एकदा कागदावर कराच.

एप्रिल-मे वेगळा. पत्र्याच्या शेडमध्ये पक्षी धापा टाकतो, खाणं तोडतो. तेल पचताना अंगात उष्णता कमी तयार होते आणि थोड्या खाण्यात जास्त ऊर्जा जाते. त्या दोन महिन्यांत मी महाग तेलही घालेन.

प्रकारांत सोया तेल सगळ्यात बिनधोक, लहान पिल्लालाही पचतं. पाम तेल किंवा चरबी फक्त फिनिशरला. पहिल्या आठवड्यात पिल्लाकडे पित्त आणि लायपेज हे चरबी पचवणारं एन्झाइम कमी असतं, ही घट्ट चरबी तशीच बाहेर पडते. कच्चं राइस ब्रान तेल (भाताच्या कोंड्याचं) स्वस्त पडतं, पण त्यात मुक्त फॅटी आम्लं जास्त निघू शकतात, तपासणीचा कागद मागा. बायपास फॅट गाईच्या पोटासाठी बनवलेलं असतं, कोंबडीत त्याचे पैसे वसूल होत नाहीत. हॉटेलचं तळून काळं झालेलं तेल फुकट मिळालं तरी नको.

तेल वाढवलं की पक्षी कमी खातो, म्हणून लायसिन-मेथिओनिन ही अमिनो आम्लंही त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर पोटात चरबी साठते आणि कापणारा भाव पाडतो. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेल्या सुट्या खाद्यात, तेल ३ टक्क्यांच्या वर नेलंत तर गोळे होतात. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच मिसळा, आणि डबा उघडल्यावर दोन थेंब तळहातावर चोळून हुंगा: खवट वास आला तर ते तेल परत करा.